ट्रेलरचा ढाळ

आमच्या घरातल्या माणसांनी एकमेकांचा मान थोडा कमी ठेवला असता, तर त्या जुलैत आईची सुट्टी सुखाने झाली असती. अपमानापायी घरं मोडल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्याकडे अपमान कुणीच कुणाचा केला नाही. नुसत्या मानाने सगळा घोळ घातला.

२०१७ सालची गोष्ट. आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे कॅनडात, ग्वेल्फला सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्यातले साडेपाच संपले होते. आले तेव्हा दारात गुडघाभर बर्फ होतं, आणि बर्फ वितळल्यावर आमच्या दोघांच्या नोकऱ्या होत्याच. एवढ्या दिवसांत आईने काय पाहिलं? आमचं बेसमेंट, कारण त्यांची खोली तिथे. ग्रोसरीची दोन दुकानं. महिन्यातून एकदा देऊळ. "पुढच्या वीकेंडला नक्की जाऊ" हे मी तिला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की मी तोंड उघडलं की तीच ते वाक्य पुरं करायची. तक्रार मात्र तिने एकदाही केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

परतीच्या विमानाला पंधरा दिवस उरले तेव्हा मी एकदाची रजा टाकली आणि लेक ह्युरॉनच्या काठावरच्या एका पार्कमध्ये पाच दिवसांसाठी जागा बुक केली. राहायला आमचा ट्रॅव्हल ट्रेलर होता. ट्रेलर म्हणजे पिकअपमागे ओढत न्यायची चाकांवरची खोली. पुढे बिछाने, मधे शेगडी आणि भिंतीला लागून फ्रिज, मागच्या टोकाला एवढीशी वॉशरूम. नवऱ्याने तो दोन वर्षांपूर्वी जुनाच घेतला होता, आणि कुणी ट्रेलरला नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

सगळी मदार त्या फ्रिजवर होती. आईला दिवसातून तीनदा इन्शुलिन लागायचं, आणि परत जाईपर्यंतचा तिचा साठा थंडच राहायला हवा होता. बर्फाच्या डब्यात ठेवायला ती तयार नव्हती. इन्शुलिन एकदा गोठलं की फेकून द्यावं लागतं, आणि तिच्या बहिणीचं तसं झालं होतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून तिघांनाही बजावलं. फ्रिज चालला तर पाच दिवस राहायचं. फ्रिज बंद पडला तर त्याच दिवशी सामान गुंडाळायचं आणि घरी यायचं. मी फार शहाणपणाचा नियम केला असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता, ट्रेलरच्या फ्रिजची तऱ्हा निराळी. घरच्या फ्रिजसारखी त्यात मोटर नसते. मागच्या बाजूला खाली गॅसची बारीक ज्योत जळते, तिच्या उष्णतेने नळ्यांमधलं अमोनियाचं पाणी वर चढतं, मग आपल्या वजनाने खाली उतरतं, आणि या चढण्या-उतरण्यात आत गारवा तयार होतो. कसा होतो ते मला विचारू नका. पण ट्रेलर एका बाजूला कलला असेल तर ते पाणी नळीत अडकून बसतं. ज्योत जळत राहते, हिरवा दिवाही दिसत राहतो, आणि आतलं लोणी पातळ होतं. तसंच फार दिवस चाललं तर फ्रिज कायमचा जातो. त्यामुळे कुठेही पोचलं की चहाच्या आधी ट्रेलर लेव्हल करायचा.

त्या दिवशी आम्ही ते काम दोन तास केलं. ज्या बाजूची जमीन खाली, त्या बाजूच्या चाकासमोर फळ्या टाकायच्या आणि ट्रेलर त्यांच्यावर चढवायचा. नवरा पिकअपमध्ये बसलेला, मी मागे उभी, आणि बाबा मधोमध, रोडरोलरवाल्याला करतात तसे हात करत. मी म्हणायची थांब, बाबा म्हणायचे येऊ द्या. नवऱ्याला दोघांचंही ऐकायचं होतं, म्हणून तो थांबत थांबत येत होता. फळी दोनदा सटकली. डास इतके की ओरडायला तोंड उघडायची सोय नव्हती. मग पुढचा जॅक. ट्रेलरच्या तोंडाशी एक दांडा असतो आणि त्याच्याखाली हाताने फिरवायचा जॅक, तो फिरवला की ट्रेलरचं तोंड वर-खाली होतं. फ्रिजच्या तळाशी आम्ही छोटी पाणसळ ठेवली होती, गवंड्याकडे असते तसली. मी आत बसून तिच्यातल्या बुडबुड्याकडे बघत "अजून, अजून, जास्त झालं, मागे" असं करत होते. बुडबुडा बरोबर मधे आला तोवर आम्हा नवरा-बायकोची बोलचाल बंद झाली होती. पण जेवणं होईपर्यंत फ्रिज छान गार झाला आणि आईने इन्शुलिनची पिशवी मधल्या कप्प्यात ठेवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले.

बाबा चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालवे आणि चाऱ्या हा त्यांचा जन्माचा धंदा, आणि ढाळ हा त्यांचा धर्म. पाण्याला उतार दिला की पाणी आपलं काम करतं, नाही दिला की माणसाला करावं लागतं, हे त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. साताऱ्याच्या आमच्या घरात त्यांनी उभं राहून फरशी बसवून घेतली होती, आणि कुठल्याही खोलीत गोटी सोडली तरी ती मोरीकडेच जायची. अशा माणसाने ट्रेलरच्या वॉशरूममध्ये बादली आणि तांब्या नेला. शॉवर त्यांना मान्य नव्हता. फवाऱ्याने अंग भिजतं, आंघोळ होत नाही, असं त्यांचं मत. त्या एवढ्याशा जागेत त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि ते त्यांच्या घोट्याशी तुंबून राहिलं. ते बाहेर आले, टॉवेल वाळत घातला आणि मला म्हणाले, "मोरी कुणी बांधलीय गं ही?" मी हसले. ते पुढे काही बोलले नाहीत.

बोलले नाहीत, कारण ट्रेलर जावयाचा. जावयाच्या वस्तूत खोट काढायची नाही हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, ते असतंच. माझा नवरा नागपूरचा, एरवी वाद घालायला एका पायावर तयार. पण सासऱ्यासमोर त्याचं पार कोकरू व्हायचं. बाबा उभे असले की तो खुर्चीतून उठायचा. बाबा त्याला "जावईबापू" म्हणायचे आणि तो बाबांना सगळ्यालाच "हो बाबा" म्हणायचा. साडेपाच महिन्यांत या दोघांत सरळ संभाषण असं झालंच नव्हतं. "जावईबापूंना चहा हवाय का विचार." "बाबांना विचार ना, टीव्हीचा आवाज चालेल का." आणि विचारणारी मी.

त्या दिवशी संध्याकाळी फ्रिज उघडला तर आत नुसतं कोमट. लोण्याची कड वितळली होती. पाणसळ पाहिली तर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसलेला.

"हे काय?" मी नवऱ्याला विचारलं. "तू काल लेव्हल केलं होतंस ना?"

"ग्राउंड सॉफ्ट आहे. जॅक सेटल झाला असेल. करतो फिक्स."

तो बाहेर गेला, जॅक फिरवला, बुडबुडा मधे आला. मी तासाभराने हात घालून पाहिला, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तेव्हा माझा तोल गेला. जुना ट्रेलर घ्यायची हौस कुणाची, मॅन्युअल न वाचता बाजूला कुणी ठेवलं, साधी एक खोली सरळ उभी करता येत नाही आणि म्हणे इंजिनिअर, असं सगळं मी त्याला ऐकवलं. तेही पाण्याच्या नळाशी, चार लोकांसमोर, मराठीत ओरडले म्हणून त्यांना कळायचं राहिलं असेल असं नाही. तो खाली मान घालून कॅन भरत राहिला. बाबांनाही मी विचारलं, "कुणी जॅकला हात लावला का हो?" ते म्हणाले, "कोण कशाला लावील?" हे उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आईला विचारलं, "औषध ठीक आहे ना?" ती म्हणाली, "असू दे गं, चाललंय." त्या दिवशी जेवणानंतर तिने नासकवणी केली होती, नासलेलं दूध आटवून, साखर-वेलची घालून. आम्ही तिघांनी वाटी पुसून खाल्ली. मग ती "जरा काठाने फिरून येते" म्हणून निघाली. ती दिवसातून चार-चार वेळा फिरायला जायची, आणि तिला पाण्याच्या कडेने हळूहळू जाताना पाहून मला फार समाधान वाटायचं. फ्रिजची कटकट सोसली ते सार्थकी लागलं, असं मी मनात म्हणत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी एकटीच बाहेर भांडी घासत होते. शेजारच्या जागेवर एक म्हातारा कॅनेडियन गृहस्थ दिवसभर घडीच्या खुर्चीत बसलेला असायचा. तो आपला कॉफीचा मग घेऊन आमच्या हद्दीपाशी आला, हवेबद्दल बोलला, डासांबद्दल बोलला, आणि मग राग येणार नसेल तर एक विचारू का म्हणाला. म्हटलं विचारा.

"तुमचे वडील रोज जॅक वर करतात," तो म्हणाला, "आणि संध्याकाळी तुमचा नवरा येऊन खाली करतो. दोघंही आधी आजूबाजूला बघून घेतात. मला वाटलं तुमच्यात काही धार्मिक पद्धत असेल, म्हणून बोललो नाही."

मी त्याचे आभार मानले. हात पुसले. मग त्या दोघांना लाकडी टेबलाशी आणून समोरासमोर बसवलं.

"बाबा, जॅक कुणी वर केला?"

बाबांनी जावयाकडे न बघता माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "जावईबापूंनी लेव्हल चांगलीच केली होती. फक्त मोरीला ढाळ नव्हता. म्हटलं, एवढ्यासाठी त्यांना कशाला बोलायचं. जरासा दिला."

"जरासा म्हणजे किती?"

बाबांनी वीत दाखवली. मग अंगठा थोडा आत घेतला.

"आणि तुला माहीत होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"पहिल्याच दिवशी बघितलं मी. पण बाबांना कसं सांगणार? त्यांनी आयुष्यभर कॅनॉल बांधलेत."

"मी दोन दिवस तुला वाट्टेल ते बोलतेय!"

"ते ठीक आहे," तो म्हणाला. "ते आपलं घरातलं आहे."

मला हसू आलं नाही, हे इथे नमूद करते. दोन शिकले-सवरलेले पुरुष, एक जॅक, आणि त्यांच्यामध्ये माझ्या आईचं औषध. मी बाबांना फ्रिज समजावून सांगितला. ज्योत, नळ्या, वर चढणारं आणि खाली उतरणारं पाणी. ते मन लावून ऐकत होते.

"म्हणजे आत मोटर नाही?"

"नाही."

"सगळं उतारावरच चालतं?"

"हो."

ते उठले, ट्रेलरच्या बाहेरून फ्रिजमागची जाळी काढली आणि वाकून त्या नळ्या बघत बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा ते चिडलेले होते. "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं मला. एवढं कळत नाही होय? मी ढाळ दिला आणि त्याच्या पोटातला ढाळ मोडला." आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य जावई बोलला नाही कारण समोर सासरा, आणि मी बोलले नाही कारण म्हाताऱ्या माणसाला फ्रिजच्या भानगडी कशाला सांगायच्या. मग जॅक बाबांनी फिरवला आणि आतून नवरा सांगत राहिला, "बाबा, अजून अर्धा फेरा. थांबा. पाव फेरा मागे." त्याने त्यांना हुकूम दिल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि बाबा मुकाट्याने ऐकत होते.

आई फिरून आली तेव्हा मी फ्रिजसमोर बसले होते. इन्शुलिनची पिशवी माझ्या हातात होती आणि ती अंगाइतकी गरम होती.

"सकाळी सुई घेतलीस तेव्हा हे गार होतं का?"

तिने चपला काढल्या, पाय झटकले. "नव्हतं."

"काल?"

"कालही नव्हतं. परवापासूनच नाही. दूध नासलं तेव्हाच कळलं मला."

साखर तपासायचं तिचं यंत्र मी तिच्या पिशवीतून काढलं आणि तिचं बोट धरलं. तीनशे बारा. तिला ते बघून आश्चर्य वाटलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती परवापासून अर्धीच पोळी खात होती आणि भाताला हात लावत नव्हती. आम्ही तिचं ताट पाहिलंच नव्हतं, आम्ही फ्रिजवर भांडत होतो. मला रडू यायला लागलं, आणि रडू यायला लागलं की मी आणखी चिडते, म्हणून मी तिला काहीच न बोलता गाडीत बसवलं आणि चाळीस मिनिटांवरच्या गावातली फार्मसी गाठली.

फार्मासिस्ट बाई शांत होती. उन्हाळ्यात तापलेल्या इन्शुलिनमधलं किती कामाचं उरलं ते कुणीच सांगू शकत नाही, सगळं टाकून द्या, असं ती म्हणाली. माझ्या फोनमध्ये साताऱ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता, तो पाहून तिने नवीन दिलं, थंड पिशवीत घालून. आईने तिथेच बाकावर बसून सुई घेतली. परतीच्या वाटेवर ती खिडकीतून मक्याची शेतं बघत होती आणि मी तिला काय काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव करत होते.

चार वाजता पोचलो. फ्रिज गार होऊ लागला होता. बाबा आणि नवरा टेबलाशी बसून पाणसळीबद्दल काहीतरी बोलत होते, सरळ एकमेकांशी. मी मात्र आत शिरले आणि सामान आवरायला घेतलं. नियम म्हणजे नियम. शिवाय मला भीती वाटली होती, आणि भीती वाटल्यावर मला घरी जायचं असतं. चादरींच्या घड्या केल्या, भांडी खोक्यात भरली. आई ट्रेलरच्या पायरीवर पाठमोरी बसली होती.

"मला एकदा सांगायचं नाही का गं?" मी मागूनच विचारलं. "दिवसातून तीनदा उघडत होतीस तो फ्रिज."

"सांगितलं असतं तर तू परत नेलं असतंस."

"नेलंच असतं. जिवापेक्षा तळं मोठं आहे का? काही झालं असतं म्हणजे?"

ती वळली नाही. काठावर कुणाची तरी मुलं पाण्यात दगड टाकत होती, त्यांच्याकडे ती बघत होती.

"साडेपाच महिने जीवच सांभाळला ना मी," ती म्हणाली. "तुझ्या बेसमेंटमध्ये बसून."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी हातातली चादर उलगडली आणि तिच्या बिछान्यावर पुन्हा अंथरली.